कोकणात राहून कमी बोलायचं, तर मोबाईल किती कामाला येतो?

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. विषय बघितलात तर त्यात नवल नाही.

राजापूर तालुक्यात एका वाडीवर राहतो. घरूनच ड्रॉइंगची कामं करतो, ऑफिस पुण्यात. स्वभावाने अबोल. घुम्या, माणूसघाणा, 'तोंडात मूग धरून बसलाय' ही सगळी बिरुदं शाळेतच मिळून गेली. माणसं मला आवडतात, पण एका वेळी एक, आणि भेट आधी ठरलेली असली तर. आपल्याकडे ठरवून भेटतो कोण? बेड्यातून (आवाराच्या फाटकातून) बाहेर पडलं की तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, पोचेपर्यंत प्रत्येक पडवीतून 'कुठं निघालात?' येतं. 'बाजारात' म्हणावं तर 'एवढ्या उन्हाचे?'. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण अशा चार पडव्या ओलांडल्या की माझा अर्धा दिवस संपल्यासारखा होतो.

अबोल माणसांना ऑनलाइन सोयींचा कसा फायदा होतो यावरचं बहुतेक लिखाण शहरातल्या लोकांचं असतं. जेवण मागवा, टॅक्सी मागवा, वाणसामान दहा मिनिटांत दारात. यातलं आमच्या घाटीवर काहीच चढत नाही. शिवाय शहरात अडचण अनोळखी माणसाशी बोलायची, इथे ओळखीच्या माणसाशी. दुसरी जास्त अवघड, कारण अनोळखी माणूस 'मग लग्नाचं काय ठरवलंस?' असं विचारत नाही.

तरीही इथे जे पोचलंय त्याने माझं जगणं फार सोपं केलंय. सगळ्यात मोठं उदाहरण सातबाऱ्याचं. पूर्वी उतारा हवा तर तलाठ्याला गाठायचं. त्याच्याकडे चार गावं, म्हणजे तो कुठल्या दिवशी कुठे आहे हे आधी कुणाला तरी विचारायचं. इथेच बातमी फुटायची. मी सजेवर (तलाठ्याच्या कार्यालयात) पोचायच्या आत चुलत्यांच्या पडवीत चर्चा सुरू, 'उतारा कशाला हवाय त्याला? विकतोय की काय?' सामायिक जमीन असलेल्यांना हे सांगायला नकोच. आता डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवर मिळतो. मोबाईल नंबर, ओटीपी, खात्यात थोडे पैसे भरायचे, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, सर्व्हे नंबर आणि हिस्सा घालायचा. १५ रुपये कापले जातात आणि पीडीएफ हातात. बँकेत, सरकारी कामात चालतो. २०१८ पासून ही सोय आहे, पण वाडीतल्या निम्म्या लोकांना अजून पत्ता नाही, आणि मीही कुणाला सांगायला गेलेलो नाही. (आता इथे सांगितलं!)

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे काम ओळखीवर होतं. ओळख ठेवायची तर येता-जाता बसायचं, चहा घ्यायचा, लग्नामुंजीला तोंड दाखवायचं, शिमग्यात पालखीबरोबर फिरायचं. ज्याला हे जमतं त्याचा दाखला दुपारपर्यंत होतो. ज्याला जमत नाही त्याला 'उद्या या'. ऑनलाइन अर्जाला मी बोलका की मुका हे कळत नाही, ही मला त्यातली खरी मौज वाटते.

तुमचे अनुभव लिहा. कोणत्या कामात सुटका झाली, आणि कुठे नवी कटकट मागे लागली?


हापूसवाली

धागा आवडला. मी देवगडची, आमची कलमं आहेत. सासरे आंबा वाशीला पाठवायचे. पेटी गेली की पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत दलालाला रोज फोन, आणि पट्टी आली की ती बघून पुन्हा फोन. सासऱ्यांना ते आवडायचं. भांडत, हसत, त्याच्या मुलांची चौकशी करत अर्धा तास बोलायचे. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं आणि मला फोन उचलायच्या आधीच घाम फुटायचा.

आता बहुतेक माल घरगुती गिऱ्हाईकांना जातो, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून. कॅटलॉगमध्ये वजनाप्रमाणे डझनाचे भाव लावलेत, त्यामुळे 'ताई, जरा कमी करा ना' निम्मं कमी झालं. कारण भाव मी सांगत नाही, तो तिथे लिहिलेला असतो! तेच तेच प्रश्न येतात त्यांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये ठेवलीत. स्लॅश दाबलं की यादी येते. 'आंबा पिकवायचा कसा' याचं उत्तर मी एकदाच नीट बसून लिहिलं: पेटी आल्याबरोबर उघडा, गवतात मोकळा मांडा, एकावर एक रचू नका, रोज फिरवून बघा, वास सुटला आणि देठाजवळ सुरकुती आली की खायला घ्या, तोवर फ्रीज नाही. फोनवर हेच मी अडखळत सांगायचे आणि समोरचा म्हणायचा, 'बरं बरं, पण खात्रीने हापूसच ना?' आता त्याही प्रश्नाला उत्तर तयार आहे, २०१८ साली मिळालेल्या जीआय मानांकनाच्या माहितीसकट.

साका निघाला तर मात्र मी स्वतः टाइप करते, तयार उत्तर पाठवत नाही. आंबा बाहेरून देखणा आणि आत पांढरा, स्पंजासारखा निघाला तर माणूस चिडणारच. फोटो मागवते, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालते. लिहून बोललं की माझा आवाज कापत नाही, आणि गिऱ्हाईकही लिहिताना जरा सभ्य असतं असा अनुभव आहे.


तिठ्यावरचा

हापूसवाली ताई, दंडवत. स्लॅशची युक्ती आजच करून बघतो.

माझी कहाणी उलटी. ऑनलाइन खरेदी म्हणजे गुपचूप खरेदी असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या गावात येऊन बघावं. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. पत्ता काय तर 'देवळाच्या मागे, विहिरीजवळ'. देवळं तीन, विहिरी मोजल्या नाहीत. कुरियरचा पोरगा वर वाडीत येत नाही, तिठ्यावरच्या दुकानात पार्सल टेकवून जातो. मग दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाच्या देखत खोका हलवून बघणार. 'हलका आहे. काय मागवलं असेल?' मी न्यायला जाईपर्यंत गावात तीन तर्क फिरून आलेले असतात. बूट मागवले होते, बातमी लॅपटॉपची झाली, आणि दोघांनी 'जुना असला तर आम्हाला दे' म्हणून सांगून ठेवलं.

आता डिलिव्हरीच्या दिवशी सकाळीच त्या पोराला लोकेशनचा पिन पाठवतो, खाली लिहितो 'फाटकाला निळी पेटी आहे, त्यात ठेवा, पैसे भरलेत, फोनची गरज नाही'. पोरगा खूश, मी खूश. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, दर चार मीटर बाय चार मीटर चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. तो सगळीकडे रुळला तर आमच्या तीन देवळांचा प्रश्न कायमचा मिटेल. दुकानदाराची करमणूक जाईल तेवढी.


बावडेकार

माका एक कळत नाय. बोलाचा नाय तर नको बोला, कोण जबरदस्ती करता? पण हंय पावसात लाइट गेली काय दोन-दोन दिस येणा नाय. टॉवर बंद, नेट बंद. मगे तुमचा यूपीआय घेवन काय चाटाचा? खिशात रोख आणि दुकानदार वळखीचो, ह्याच काय ता खरा. आणि गजाली नाय मारल्यात तर कोकणात ऱ्हवतास कित्याक?


चाकरमानी

+१ बावडेकार. (शेवटच्या वाक्याला विशेष.)


रोठा_सुपारी

बावडेकारांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मला ते जरा वेगळ्या बाजूने मांडायचंय. मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, मोबाईल मुका झाला, तो कित्येक दिवस. त्या दिवसांत माझ्या छपरावर ताडपत्री टाकायला आलेली माणसं तीच, ज्यांच्या 'कुठं निघालात'ला मी वर्षानुवर्षं 'हूं' करत आलो. त्यातल्या एकाने तर स्वतःच्या घराची कौलं लावायच्या आधी माझ्या आईला कोरड्यात बसवलं.

तेव्हा प्रश्न असा, की सगळी कामं मोबाईलवर उरकली आणि माणसांकडे जायचं कारणच उरलं नाही, तर अशा वेळी त्यांना आपण आठवू का? धागाकर्त्याने हे मनावर घेऊ नये. मी स्वतःही अबोलच आहे, म्हणूनच हा विचार छळतो.


कातळवाट (धागाकर्ता)

रोठा_सुपारी, मनावर कशाला घेऊ. प्रश्न खरा आहे. माझा अनुभव सांगतो, पटला तर बघा.

मला काम करताना माणसं कधीच जड वाटली नाहीत. झाड तोडायचं, गणपतीची आरास करायची, विहीर उपसायची, अंगण सारवायच्या आधी माती टाकायची, तिथे मी पहिला हजर असतो. करवत चालू असताना कुणी लग्नाचं विचारत नाही. जड वाटतं ते बिनकामाचं बोलणं, आणि त्याहून जड म्हणजे काम काढून घेण्यासाठी केलेलं गोड बोलणं. आधी बिल भरायला, रिझर्व्हेशनला, उताऱ्याला, दाखल्याला माझी बोलायची सगळी शिदोरी संपायची. मग संध्याकाळी शेजारचे आजोबा काठी टेकत आले की मी आत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचो. आता तसं होत नाही. आजोबा येतात, आम्ही खळ्यात बसतो, ते जुन्या गलबतांचं सांगतात, मी ऐकतो. त्यांना ऐकणारा हवा असतो आणि मला बोलावं लागत नाही, जोडी छान जमलीय.

बावडेकारांना: नेट जातं हे मान्यच. चार नोटा पिठाच्या डब्यामागे ठेवायच्याच. नेट नसलं पण फोनला रेंज असली तर *99# वरूनही पैसे पाठवता येतात, त्यासाठी नंबर बँकेत जोडलेला हवा. आणि कोकणात का राहतो म्हणाल, तर समुद्र फार प्रश्न विचारत नाही म्हणून. हलकेच घ्या.


माहेर_गुहागर

लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. लग्न होऊन आले तेव्हा गावात एकच मेडिकल, आणि काउंटरवर सासऱ्यांचे मित्र. पॅड मागायचे म्हणजे दुकानातले सगळे पुरुष जाईपर्यंत बाहेर पेपर वाचल्यासारखं करायचं. आता महिन्याचं पार्सल येतं. (तिठ्यावरचा, आमच्याकडे पोस्टमन घरी आणून देतो, नशीब म्हणायचं.)

दुसरं, डॉक्टर. ई-संजीवनीवर मी त्वचेचं दुखणं दाखवलं, घरातूनच, व्हिडिओवर. सरकारी सोय आहे, पैसे लागत नाहीत. टोकन मिळतं, थोडं थांबावं लागतं, डॉक्टर बोलतात आणि औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते. दवाखान्याच्या बाकड्यावर 'तुला काय झालंय गं?' हे चौघींना सांगून मग डॉक्टरांना पाचव्यांदा सांगायचं, ते वाचलं. अर्थात पोटात दुखतंय, ताप उतरत नाही अशा वेळी प्रत्यक्षच जावं, हे सांगायला नको.

आणि एसटी! मशीनवर स्कॅन करून तिकीट काढता येतं तेव्हापासून सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी होणारं महाभारत थांबलं. अर्धं तिकीट त्यावरही मिळतं.


वाचनखूण

वरच्या प्रतिसादांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येताहेत असं वाटतं, म्हणून लिहितो. कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मांडली ती मनाचा ओढा कुठे आहे यावरून. कमी माणसांत बरं वाटणं हा आजार नव्हे, त्यावर उपचार नकोत. पॅड मागताना वाटणारा संकोच हा तर गावाने लादलेला, त्याचा स्वभावाशी संबंधच नाही. पण फोन वाजला की छातीत धडधड, माणसं टाळण्यासाठी परीक्षा किंवा नोकरी सोडून देणं, रात्रभर 'मी काय बोललो' हे उगाळत बसणं, ही भीती आहे. ती मोबाईलच्या आड लपवली की वाढते. अशा कुणाला मदत हवी असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.


तिठ्यावरचा

म्हणजे फोनची भीती वाटते हे फोन करून सांगायचं! पण नंबर सेव्ह केलाय, गमतीत नाही घेतलं.


पाटपाणी_होमस्टे

आमचं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे, नवरा-बायको दोघंही मितभाषी. हा धंदा आम्ही का काढला हे आम्हालाही कळलेलं नाही. पाहुणा 'घरगुती वातावरण' म्हणून येतो आणि घरगुती म्हणजे यजमानाने समोर बसून मालवणी किस्से सांगायचे अशी त्याची समजूत. पहिल्या हंगामात आम्ही आळीपाळीने स्वयंपाकघरात लपायचो.

आता बुकिंग झालं की एक लांबलचक मेसेज जातो: रस्ता, गाडी कुठे लावायची, गरम पाणी कधी, मासे त्या दिवशी होडीला मिळतील ते, स्कूबासाठी कोणत्या वेळेला निघावं, आणि ओहोटीला कुठे पाण्यात उतरू नये. शेवटी एक ओळ: 'काही लागलं तर इथेच लिहा, लगेच हजर होऊ.' लोक खरंच लिहितात. रात्री दहाला 'दोन सोलकढी मिळेल का' असा मेसेज येतो, आम्ही नेऊन ठेवतो आणि परत फिरतो. गंमत म्हणजे अभिप्रायांत लोक लिहितात, 'मालक फार अदबशीर, अजिबात त्रास देत नाहीत.' जे आम्हाला जमत नव्हतं तेच गुण म्हणून खपलं. त्यामुळे आमच्याकडे आता शांत पाहुणेच जास्त येतात. एक जोडपं तीन दिवस राहून गेलं, एकूण दहा वाक्यं झाली असतील, आणि जाताना पुढच्या वर्षीचं बुकिंग करून गेलं.


चाकरमानी

आधी +१ देऊन पळालो होतो, आता नीट लिहितो. नव्या कटकटीचं विचारलंत ना? ग्रुप! गाव सोडून डोंबिवलीला आलो तरी पडवी खिशात घेऊन फिरतोय. वाडीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, देवळाच्या जीर्णोद्धाराचा ग्रुप, आणि भावकीचा, ज्यात सातबाऱ्यावरून युद्ध चालू. कुणी वारलं की ऐंशी 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्यात आपली एक नसली तर गावाला गेल्यावर ऐकून घ्यायचं. काकांचा व्हॉइस मेसेज सहा मिनिटांचा, त्यातली पहिली दोन मिनिटं खोकला.

उपाय केलेत ते असे. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले, रविवारी चहा घेताना एकदा वाचतो. काकांचं भाषण दुप्पट वेगाने ऐकतो, खोकलाही गमतीदार वाटतो. निळी टिकमार्क बंद. अनोळखी नंबरचे कॉल व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप गप्प करायची सोय आहे, तीही चालू केली. ग्रुप गुपचूप सोडता येतो, फक्त अ‍ॅडमिनला कळतं, असं वाचून मोठ्या आशेने सोडायला गेलो. तेव्हा आठवलं, अ‍ॅडमिन काकाच आहेत.

रेल्वेचं मात्र सोनं झालंय. गणपतीत गावाला जायचं तर पूर्वी रात्रभर खिडकीच्या रांगेत, पुढच्या-मागच्याचं गाव, वाडी, देवस्थान सगळं पाठ करून. आता गाडीच्या साठ दिवस आधी घरात बसून प्रयत्न करायचा. मिळेलच असं नाही, काही मिनिटांत वेटिंग लागतं, पण निदान निराशा एकट्याने भोगता येते. तत्काळ काढणार असाल तर खातं आधारशी जोडून ठेवा, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन मिळत नाही. एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला उघडतं. आणि आपल्यासारख्यांनी बर्थ निवडताना साइड अपर टाकावा. पाय पुरते पसरत नाहीत, पण पनवेलपासून राजापूरपर्यंत कुणी लाडू पुढे करून 'कुठले तुम्ही?' विचारत नाही.


हापूसवाली

साइड अपरला अनुमोदन. लाडू मात्र घ्यावा.


खाडीपलीकडे

खात्यावर लॉगिन करून कितीतरी महिने झाले, या धाग्यासाठी आलो. कातळवाट, सातबाऱ्याचं वाचून काल रात्री आमचा उतारा काढला. मिळाला, आभार. पण त्यात 'प्रलंबित फेरफार' म्हणून काहीतरी दाखवतंय. आम्ही कुणी काही केलेलं नाही. हे कुठे बघायचं? भावकीत विचारलं तर बोंब होईल.


कातळवाट (धागाकर्ता)

भावकीत आताच विचारू नका. फेरफार म्हणजे उताऱ्यावरच्या नोंदीतला बदल. 'आपली चावडी' म्हणून ऑनलाइन नोटीस बोर्ड आहे, त्यावर जिल्हा, तालुका, गाव निवडा. फेरफाराचा प्रकार, तारीख आणि सर्व्हे नंबर दिसेल. बऱ्याचदा साधी वारसनोंद किंवा बोजाची (कर्जाची) नोंद असते, लगेच घाबरू नका.


खाडीपलीकडे

बघितलं. वारसनोंद आहे, चुलत आजोबांच्या नावे. पण वारसांत आमच्या आत्याचं नाव नाही. मुद्दाम की चुकून, देव जाणे. आता काय, तलाठ्याकडे जाऊन बोलावं लागणार ना? पोटात गोळा आलाय.


कातळवाट (धागाकर्ता)

जावं लागेल, पण बोलणं फार नाही. नोटिशीची मुदत साधारण पंधरा दिवसांची असते, त्यामुळे आत्याला आजच कळवा. हरकत तिच्या सहीने, लेखी द्यायची. दोन प्रती करा, सोबत नातं दाखवणारी कागदपत्रं. एक प्रत टेबलावर ठेवायची, दुसरीवर पोच, सही-शिक्का आणि तारीख मागून घ्यायची. 'कशाला आलात' असं कुणी विचारलं तर अर्ज पुढे करा, त्यात सगळं लिहिलेलं असेल. मसुदा हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे एक तयार आहे.


खाडीपलीकडे

व्यनि केलाय. फोन नंबर दिलेला नाही, गैरसमज नसावा.


कातळवाट (धागाकर्ता)

मीही मागितला नसता. मसुदा पाठवलाय, गट आणि हिस्सा नंबर तेवढे तुमचे घाला.